अटारीची मागची खोली

सोमवार, ४ नोव्हेंबर २०२४, बिरसी

भाच्याला नागपूरच्या कॉलेजात सेमिनार द्यायचा आहे. विषय : एखाद्या गेम स्टुडिओचा इतिहास. त्याने आर्केड गेम बनवणारा स्टुडिओ घेतला, कारण मामाचं गोंदियात एकेकाळी व्हिडिओ गेमचं दुकान होतं, हे त्याच्या आईने त्याला सांगून ठेवलंय. भाऊबीजेचं जेवण उरकत नाही तोच सुरू झाला. "मामाजी, अटारी घेतो. सोपं हाय. १९७२ ला सुरू, १९८४ ला खतम."

खतम कोणी केली, असं विचारलं तर म्हणाला, घरगुती खेळांची न खपलेली काडतुसं १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोच्या कचऱ्यात पुरली आणि २०१४ मध्ये उकरून काढली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आहेच ठाऊक. पण ती घरच्या टीव्हीला जोडायच्या खेळांची कथा झाली. नाणं टाकून उभ्याने खेळायच्या मशीन बनवणारी अटारीची जी खोली होती, ती त्यानंतरही २००३ पर्यंत चालली. मालक बदलले, पाट्या बदलल्या, काम चालू राहिलं. लोक मालकांचा इतिहास लिहितात आणि त्यालाच स्टुडिओचा इतिहास म्हणतात. माझं भांडण तेवढंच आहे.

"मग तुमीच लिहून द्या थोडं," म्हणून मोकळा झाला. धान कापून पडलंय, मजूर मिळेपर्यंत मला रिकामपण आहे. लिहितो.

सुरुवात जत्रेत आहे. नोलन बुशनेल शिकत असताना युटा राज्यातल्या फार्मिंग्टन गावच्या लगून नावाच्या करमणुकीच्या बागेत कामाला होता. नेम मारा, बक्षीस घ्या, असल्या ठेल्यांवर. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं, त्याच्या खिशातलं नाणं बाहेर काढायचं आणि हरल्यावरही दुसरं नाणं काढावंसं त्याला वाटलं पाहिजे, हे शिक्षण त्याला तिथे मिळालं. युटा विद्यापीठात त्याने 'स्पेसवॉर' पाहिला. तो खेळ चालायला लाखो रुपयांचा संगणक लागे. टेड डॅबनीला सोबत घेऊन त्याने तेच स्वस्त सर्किटात बसवलं आणि १९७१ मध्ये नटिंग असोसिएट्स कंपनीने 'कॉम्प्युटर स्पेस' बाजारात आणला. फार चालला नाही. बारमध्ये बिअर पीत उभ्या असलेल्या माणसाला सूचनांचं पान वाचायला लावलं तर दुसरं काय होणार?

२७ जून १९७२ ला अटारी कंपनी नोंदली गेली. अल अल्कॉर्न नावाचा तरुण इंजिनीअर घेतला आणि हात बसावा म्हणून त्याला साधं काम दिलं : दोन फळ्या, एक चेंडू. त्या सरावातून 'पाँग' निघाला. सनीवेल गावच्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या दारूच्या गुत्त्यात पहिली मशीन ठेवली. थोड्याच दिवसांत मशीन बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्नने जाऊन उघडली, तर बिघाड काहीच नव्हता. नाण्यांचा डबा काठोकाठ भरला होता आणि पुढचं नाणं आत जायला जागा उरली नव्हती.

मी उभ्या जन्मात दुरुस्तीला गेलो आणि अशी तक्रार निघाली, असं कधी झालं नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

सकाळपासून डोक्यावर शिकाऊ विमानांच्या फेऱ्या चालू आहेत. धावपट्टीला चाकं टेकवायची, न थांबता पुन्हा उचलायचं, वळसा घालून पुन्हा यायचं. एका इंजिनाचं डीए-४० वेगळं वाजतं, दोन इंजिनांचं डीए-४२ वेगळं. गावातली पोरं न बघता ओळखतात.

आज 'लुनर लँडर' आणि 'ॲस्टेरॉइड्स' लिहायचे. दोन्ही १९७९ चे, आणि मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते यांच्या पिक्चर ट्यूबबद्दल.

आपल्या जुन्या टीव्हीत किरण डावीकडून उजवीकडे ओळी मारत खाली येई. ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. पडद्यावर काही असो वा नसो, किरणाची हजेरी सगळीकडे लागायची. या मशीनांची तऱ्हा वेगळी होती. किरण थेट जिथे रेघ हवी तिथे जायचा, या टोकाकडून त्या टोकाकडे रेघ ओढायचा, विझायचा, पुढच्या जागी जाऊन पेटायचा. रेघ तुटक दिसायची नाही, करवतीचे दाते दिसायचे नाहीत. काळ्याभोर पडद्यावर पांढरी धारदार रेघ, आणि गोळीचा ठिपका तर इतका प्रखर की डोळ्यात घुसायचा. यांना व्हेक्टर मॉनिटर म्हणतात. अटारीत यांना चित्र पुरवणारं सर्किट हॉवर्ड डेलमनने बांधलं. धोका असा की किरण हलवणारं सर्किट अडलं तर सगळा जोर एकाच बिंदूवर येतो आणि ट्यूबचा लेप तिथे जळून जातो. म्हणून या मॉनिटरांत 'स्पॉट किलर' असे. गडबड झाली की किरण बंद आणि लाल दिवा चालू. दुरुस्तीवाल्याला हा लाल दिवा दिसला की समजायचं, आज घरी उशीर.

'लुनर लँडर'मध्ये चंद्रावर यान अलगद उतरवायचं. इंजिनाचा जोर कमी-जास्त करायला मोठा दांडा. इंधन मोजकं. संपत आलं की आणखी एक नाणं टाका, आणखी इंधन घ्या! करमणुकीच्या धंद्याचा हिशोब इतका उघडा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. बाकीचे लोक नाण्याच्या बदल्यात 'जीव' देतात आणि लाजून गप्प बसतात. यांनी सरळ पेट्रोल पंप लावला.

मग 'ॲस्टेरॉइड्स' आला, अवकाशातले दगड फोडायचा खेळ. कल्पना लायल रेन्सची, बांधणी एड लॉगची. मागणी अशी उसळली की 'लुनर लँडर'चं उत्पादन मध्येच थांबवून त्याच्याच पेट्यांत पहिले काही 'ॲस्टेरॉइड्स' भरून पाठवले. सुमारे ७० हजार मशीन खपल्या. दुकानदारांना नाण्यांचे डबे मोठे करून घ्यावे लागले. आणि मग खेळाडूंनी खोलीला धडा शिकवला. पडद्यावर एकच दगड शिल्लक ठेवायचा, कोपऱ्यात दबा धरायचा आणि येणाऱ्या छोट्या तबकड्या टिपत बसायचं. एका नाण्यात तासन् तास. दुकानदाराच्या दृष्टीने ही चोरीच. १९८१ च्या 'ॲस्टेरॉइड्स डीलक्स'मध्ये त्या तबकड्यांना नीट नेम धरायला शिकवून ही फट बुजवली.

मशीनच्या एका बाजूला खेळणारा आणि दुसऱ्या बाजूला डबा उघडणारा. दोघांचं भांडण मिटवेल असा प्रोग्रॅम लिहायचा, हे या लोकांचं रोजचं काम. खेळ दोन-तीन मिनिटांत संपला पाहिजे, पण फसवणूक झाली असं वाटता कामा नये. आपलीच चूक झाली, पुढच्या वेळी जमेल, असं हरणाऱ्याला वाटलं पाहिजे. लगून बागेतल्या ठेल्यावरचं तेच.

शनिवार, ९ नोव्हेंबर

शेजारच्या गावची मंडई. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक. या दिवसांत पाव्हण्यांनी घरं भरलेली असतात. भाचा कॉलेज बुडवून थांबलाय, नाटकासाठी. त्याची आई ओरडते आहे.

मंडईत लहान पोरांची गोल फिरणारी विमानं होती. बिरसीचं पोरगं, ज्याच्या घरावरून दिवसभर खरी विमानं जातात, तेही वीस रुपये देऊन त्यात बसायला रडतं. ते पाहून एड लिंकची गोष्ट आठवली, आणि ही गोष्ट भाच्याच्या सेमिनारात नसली तर माझ्या मते सेमिनारच नको.

एडविन लिंकच्या बापाचा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना. एडला विमान शिकायचं होतं, आणि तासाचे पैसे परवडत नव्हते. त्याने बापाच्या कारखान्यातले ऑर्गनचे भाते घेतले, त्यावर आखूड पंखांचं, शेपटीचं लाकडी विमान बसवलं. दांडा ओढला की एका भात्यातली हवा निघे, दुसऱ्यात भरे आणि विमान जागच्या जागी नाक वर करी, कूस बदले, वळे. १९२९ ला तयार झालं. १९३१ ला मिळालेल्या पेटंटच्या शीर्षकातच दोन्ही गोष्टी आहेत : शिकाऊ वैमानिकांसाठी प्रशिक्षणाचं साधन आणि करमणुकीचं उपकरण. वैमानिकी शाळांनी नाक मुरडलं. विकत घेतलं ते करमणुकीच्या बागांनी.

१९३४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत टपालाची विमानं चालवायचं काम सैन्याकडे आलं. धुक्यात, रात्री, नुसत्या उपकरणांवर उडायची सवय सैन्याच्या वैमानिकांना नव्हती. काही आठवड्यांत डझनभर माणसं मेली. तेव्हा सैन्याचे अधिकारी लिंकला भेटायला न्यूअर्कच्या विमानतळावर थांबले होते. हवा इतकी वाईट की आता तो काही येत नाही, असं त्यांनी ठरवलं, आणि तेवढ्यात लिंक उपकरणांच्या भरवशावर धुक्यातून उतरला. सैन्याने साडेतीन हजार डॉलरला एक, अशी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात अशी दहा हजारांहून अधिक बनली. रंगावरून त्यांना निळी पेटी म्हणत.

आता बिरसीचं. ही धावपट्टी त्याच युद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रजांनी बांधली. आज तिच्या कडेला जी राष्ट्रीय वैमानिक प्रशिक्षण संस्था आहे ती भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांची भागीदारी. सीएई १९४७ मध्ये क्यूबेकमधल्या सेंट ह्यूबर्टला निघाली आणि विमानाचे सिम्युलेटर बनवण्यात तिचं नाव झालं. १९२९ च्या भात्यांवरून निघालेला लिंकचा सिम्युलेटरचा धंदा या कंपनीकडून त्या कंपनीकडे जात जात २०२१ मध्ये एका मोठ्या सौद्यातून सीएईच्याच ताब्यात आला.

म्हणजे ज्या वंशावळीची एक फांदी मंडईच्या पाळण्याला लागते, तिचे आजचे मालक आमच्या शेताच्या बांधापलीकडच्या संस्थेचे भागीदार आहेत. भाच्याला नाटकाच्या मंडपात हे सांगितलं. त्याचं अर्धं लक्ष स्टेजवर. "मामाजी, उद्या सांगा ना."

मंगळवार, १२ नोव्हेंबर

कार्तिकी एकादशी. घरात साबुदाणा. भाचा गेला नागपूरला. आता फोनवर.

लिंकसारखी वाहतूक अटारीतही झाली, खेळाच्या खोलीतून सैन्याकडे. १९८० च्या शेवटी अटारीने 'बॅटलझोन' काढला. एड रॉटबर्गने लिहिलेला. पाणबुडीत असते तशी दुर्बीण, तिला डोळे लावायचे, दोन्ही हातांत दोन दांडे. एक पुढे, एक मागे केला की रणगाडा वळतो. हिरव्या रेघांचं मैदान, दूर डोंगर, आणि आपण वळू तसं सगळं वळतं. आजच्या पोराला याचं काय वाटणार? पण तेव्हाच्या ६५०२ प्रोसेसरला ही आकडेमोड झेपणारी नव्हती. म्हणून त्यांनी शेजारी गणितापुरती वेगळी यंत्रणा बसवली, तिचं नावच 'मॅथ बॉक्स'. दुसऱ्याला ओझं उचलायला लावून पहिल्याकडून हिशोब लिहून घ्यायचा, असा प्रकार.

क्षितिजावर ज्वालामुखी आहे. ओवेन रुबिन नावाचा सहकारी रॉटबर्गच्या मागे लागला होता, तो ज्वालामुखी फुटला पाहिजे म्हणून. रॉटबर्ग म्हणाला, मला वेळ नाही, तूच लिहून दे. रुबिनने खरंच लिहून आणून दिलं. मशीनमध्ये तो ज्वालामुखी अजूनही ठिणग्या उडवतो. माझ्या मते स्टुडिओ कसा चालायचा हे कळायला एवढी एक गोष्ट पुरे.

अमेरिकी सैन्यातल्या निवृत्त अधिकाऱ्यांना हा खेळ दिसला. ब्रॅडली नावाच्या चिलखती गाडीच्या नेमबाजांना शिकवायला असंच यंत्र करून द्या, असा प्रस्ताव आला. रॉटबर्गची इच्छा नव्हती. आपण खेळ बनवतो, हे काम आपलं नव्हे, असं त्याचं म्हणणं. पुन्हा कधी सैन्याचं काम सांगणार नाही, असं वचन घेऊन त्याने काही महिने त्यात घातले. नमुन्यादाखल मोजकीच यंत्रं बनली. १९८१ मध्येच तो, डेलमन आणि रॉजर हेक्टर बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली.

पण ब्रॅडलीच्या त्या यंत्रासाठी नेमबाजाचा दुहाती दांडा बनवला होता. अटारीने तो फेकला नाही. १९८३ मध्ये 'स्टार वॉर्स'ची मशीन आली, तिला हाच दांडा थोड्या फेरफाराने लावला. रणगाडाविरोधी नेमाचा सराव करण्यासाठी जन्मलेली वस्तू पोरांच्या हातात गेली.

मला यात नैतिक प्रश्न दिसतो आणि दिसतही नाही. रॉटबर्गचा संकोच मला पटतो. पण लिंकच्या यंत्राने धुक्यात मरणारी माणसं वाचवली, हेही आहेच. हाताला सवय लावणारं यंत्र हाताला विचारत नाही की तू पुढे काय करणार. एकादशीच्या दिवशी यापेक्षा जास्त विचार नको.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

मळणीवाला आज येतो म्हणाला होता. आला नाही.

भाच्याने विचारलं की खेळ चांगला की वाईट हे कोण ठरवायचं? साहेब नाही, समीक्षक नाही. नमुन्याची मशीन तयार झाली की गपचूप एखाद्या आर्केडमध्ये नेऊन ठेवायची, आठवड्याने डबा मोजायचा. शेजारच्या मशीनपेक्षा कमी नाणी निघाली की खेळ संपला, मग त्यावर कितीही महिने राबलेले असा. १९८२ चा 'अक्का आऱ्ह' असाच पडला. त्याच्या तीनच पेट्या असल्याचं सांगतात. तो शोधून काढायला चाहत्यांना २०१९ उजाडलं, आणि २०२३ मध्ये जेफ मिंटरने तो नव्याने रचून बाजारात आणला. डेव्ह थ्यूररच्या १९८० च्या 'मिसाइल कमांड'चा डबा भरला, पण शहरांवर अणुबॉम्ब पडतायत अशी स्वप्नं त्याला पडू लागली. त्याचा हिशोब कोणत्या डब्यात करायचा?

माझ्या दुकानातही परीक्षक डबाच होता. रुपयाचं नाणं. पोरं मशीनमध्ये फसवी नाणी टाकत. दोऱ्याला बांधलेलं नाणं सोडून वर ओढत. गॅस शेगडीच्या लायटरची टिकटिक नाण्याच्या फटीजवळ केली की ठिणगीच्या धक्क्याने बोर्डाला नाणं पडल्याचा भास होई आणि फुकटचा खेळ मिळे. हे ज्या पोराने गोंदियात पहिल्यांदा शोधलं, त्याला मी कान धरून बाहेर काढलं आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्तीच्या टेबलावर बसवलं. पुढे मिस्त्री म्हणून त्याने माझ्यापेक्षा जास्त कमावलं.

रविवार, १७ नोव्हेंबर

आता १९८४. भाच्याने जिथे शेवट केला तिथून.

१९७६ मध्ये वॉर्नर कम्युनिकेशन्सने २.८ कोटी डॉलरला अटारी घेतली होती. १९८३ च्या पडझडीत घरगुती खेळांनी वॉर्नरला बुडवलं. जुलै १९८४ मध्ये वॉर्नरने घरगुती विभाग जॅक ट्रॅमिएलला देऊन टाकला. नाणी खाणारा विभाग मात्र आपल्याकडे ठेवला, त्याचं नाव झालं अटारी गेम्स. पुढच्या वर्षी जपानच्या नामकोने त्यातला मोठा हिस्सा घेतला आणि हिदेयुकी नाकाजिमा प्रमुख झाले. नामकोचं मन लवकरच उडालं. १९८७ मध्ये नाकाजिमांच्या पुढाकाराने कर्मचाऱ्यांनीच हिस्सा विकत घेतला. एक मोठी अट होती : घरगुती खेळांवर अटारी हे नाव वापरायचं नाही. म्हणून त्यासाठी टेन्जेन नावाची वेगळी पाटी काढली. त्याच पाटीखाली त्यांनी 'टेट्रिस'चं घरगुती काडतूस काढलं. १९८९ मध्ये निन्टेन्डोशी कोर्टात हरले आणि लाखो काडतुसं गोदामात पडली. आर्केडचा त्यांचा 'टेट्रिस' मात्र हक्काचा होता, तो बिनघोर नाणी गोळा करत राहिला.

एवढी धावपळ वर चालू असताना खालच्या खोलीने काय केलं ते पाहा. डिसेंबर १९८४ : 'मार्बल मॅडनेस'. मार्क सर्नी नावाच्या पोराने केला. सतराव्या वर्षी कामाला लागला होता. हा पुढे सोनीच्या प्लेस्टेशन ४ आणि ५ चा मुख्य रचनाकार झाला. १९८५ : 'गॉन्टलेट'. पुन्हा एड लॉग. एकाच मशीनला चार जण, चार नाण्यांच्या फटी. प्रत्येकाची ताकद घड्याळासोबत उतरत जाते, शत्रू दिसो न दिसो. ताकद वाढवायची? नाणं टाका, खेळ न थांबवता. 'लुनर लँडर'चा पेट्रोल पंप इथे चार नळांचा झाला. पूर्वी एक पोरगं खेळायचं आणि तीन मागे उभी राहून सल्ले द्यायची. त्या तिघांच्या खिशातल्या पैशांचं काय करायचं, हे लॉगला सुचलं.

अटारी गेम्सची अस्सल मशीन गोंदियात मी एकही पाहिली नाही. आमच्याकडे बोर्ड यायचे ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, बहुतेक नकली, मूळ जपानी. सगळ्यांची जोडणी एकच : १९८५ मध्ये जपानी कंपन्यांनी ठरवलेली जामा नावाची ५६ टोकांची पट्टी. जुना बोर्ड उपसायचा, नवा खुपसायचा, पेटी तीच. १९९३ चा कॅपकॉमचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' त्यातल्या एका पात्रामुळे अख्ख्या देशात 'मुस्तफा' झाला. एक मरायला लागला की दुसरा ओरडायचा, "टाक ना बे रुपया!" ही आरोळी चार फटींच्या 'गॉन्टलेट'च्या कुळातली, हे मला कित्येक वर्षांनी कळलं.

कॅपकॉमच्याच 'स्ट्रीट फायटर टू'ने १९९१ मध्ये अटारी गेम्सला जबर मार दिला. 'मार्बल मॅडनेस'चा दुसरा भाग त्याच्या शेजारी परीक्षेला ठेवला होता. डबा हलका निघाला. रद्द.

बुधवार, २० नोव्हेंबर

मतदान. रांगेत तासभर उभा होतो. बोलणं सगळं धानाच्या बोनसचं.

मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने विमानतळाकडे बोट केलं. त्याच्या लहानपणी इंग्रजांची म्हणत, मग बांधकाम खात्याची झाली, १९९८ पासून महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची, २००५ च्या शेवटापासून भारतीय विमानतळ प्राधिकरणाची. २०२२ च्या मार्चमध्ये फ्लायबिगचं प्रवासी विमान आलं आणि गेलं, गेल्या डिसेंबरपासून इंडिगोचं आहे. पट्टी तीच, असं मी म्हणणार होतो. पण म्हणवलं नाही. पट्टी लांबवताना ज्यांची घरं आणि शेतं गेली, ती माणसं याच रांगेत उभी होती. मालक बदलले की खोलीला फरक पडत नाही, हे खोलीत पगार असणाऱ्याने म्हणावं. ज्याची जमीन गेली त्या घराला प्रत्येक नवी पाटी म्हणजे नव्या साहेबाकडे जुनाच अर्ज.

अटारीच्या माणसांचंही काही वेगळं नसेल. प्रत्येक विक्रीनंतर कोण राहिलं, कोण गेलं, हा पाट्यांमधला इतिहास पुस्तकात सहसा नसतो.

रविवार, २४ नोव्हेंबर

मळणी झाली. ओलाव्यामुळे दोन दिवस धान पसरून ठेवावं लागेल. निकाल काल लागले, त्यावर इथे लिहीत नाही.

शेवटचा टप्पा भाच्याला फोनवर सांगितला. १९८९ चा 'हार्ड ड्रायव्हिन'. रिक मॉन्क्रीफच्या गटाने वर्षानुवर्षं खपून केलेला. खरी किल्ली, क्लच, गिअर, आणि चाक घसरलं की हाताला झटका देणारं स्टिअरिंग. गाडीच्या वागण्याचं गणित बसवायला डग मिलिकन नावाचा मोटारींच्या शर्यतींतला जाणकार इंजिनीअर बोलावला होता. घन आकृत्यांचा रस्ता, मध्ये पूर्ण गोल उलटा फेरा. लिंकने भात्यांनी जे केलं तेच यांनी मोटर आणि प्रोसेसरने केलं, म्हणून मला हा खेळ त्या खोलीच्या कामाचा कळस वाटतो. भाचा म्हणतो, 'गॉन्टलेट'. असू दे.

मग उतार. १९९३ मध्ये टाइम वॉर्नरने ताबा वाढवून नाव टाइम वॉर्नर इंटरॲक्टिव्ह केलं. १९९६ मध्ये डब्ल्यूएमएसला विकलं, म्हणजे मिडवेच्या घरात. त्याच वर्षी 'सॅन फ्रान्सिस्को रश', १९९८ ला 'गॉन्टलेट लेजंड्स'. खोली अजून चालत होती. १९९९ मध्ये नाव मिडवे गेम्स वेस्ट. २००१ मध्ये मिडवेने आर्केडचा धंदाच सोडला, तेव्हा नाण्याचा डबा या लोकांच्या आयुष्यातून गेला. त्यानंतर ते घरगुती खेळ करत राहिले, आणि २००३ मध्ये खोली बंद झाली. २००९ मध्ये मिडवेचंच दिवाळं निघालं आणि तिची मालमत्ता वॉर्नर ब्रदर्सने घेतली. म्हणजे १९८४ नंतरच्या सगळ्या 'गॉन्टलेट'-'मार्बल मॅडनेस'चे कागद फिरून वॉर्नरच्याच कपाटात. आणि अटारी हे नाव दुसऱ्याच कुणाकडे.

"मग मामाजी, आपल्याकडे अशी खोली काहून नाही झाली?"

मला वाटतं, ज्या काळात अशी खोली उभी राहायची त्या काळात इथे बोर्ड नकलीच स्वस्त पडायचा. नवा खेळ बनवायला कोण पैसे घालणार? नंतर झाल्या, पण नाण्याच्या नव्हेत. मुंबईत १९९९ ला विशाल गोंदलने काढलेली इंडियागेम्स मोबाइल फोनच्या खेळांवर वाढली आणि पुढे डिस्नेकडे गेली. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये जगभर खेळला गेला. तिथल्याच सुपरगेमिंगचं नाव तर भाच्याच्या वर्गात सगळ्यांना पाठ आहे.

आता खरी गोष्ट बाहेर आली. सहा महिन्यांची इंटर्नशिप करायला त्याला पुण्यातल्या एका स्टुडिओत जायचं आहे. आईला अजून सांगितलेलं नाही. ती बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरून ठेवते आहे. तिला मी समजवावं, म्हणून हा सेमिनारचा सगळा घाट मामाच्या दारात आला होता की काय, कोण जाणे.

मी त्याला सांगितलं, आधी विचार की पैसे देतात का, किती देतात, आणि राहायची सोय काय. ते लिहून आण. मग तुझ्या आईशी बोलतो.